गजाआडचा विद्यार्थी

मागच्या रमजानमध्ये घोडेगावच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका खालांनी मला हाताला धरून बाजूला घेतले. इकडे-तिकडे बघत हळूच विचारले, "बेटी, तू शिकलेली आहेस म्हणून विचारते. आत राहून माणूस दहावी करू शकतो का गं?"

"आत" म्हणजे कुठे, हे सांगायची गरज नव्हती. त्यांचा मुलगा वर्षभरापासून तुरुंगात आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. गुन्हा कोणता, खटला कुठवर आला, हे मी खालांना विचारले नाही आणि इथेही त्याची चर्चा करणार नाही. नववीतून शाळा सोडलेला मुलगा. आत गेल्यावर पहिले काही महिने भेटीत फक्त वकिलाचे विचारायचा. एके दिवशी म्हणाला, "अम्मी, दिवस सरत नाही. काहीतरी शिकायला मिळतंय का बघ."

खालांना उत्तर द्यायचे म्हणून मी माहिती गोळा करू लागले. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, नारायणगाव-मंचरपासून ओतूर-बेल्ह्यापर्यंत, असा प्रश्न मनात दाबून बसलेल्या आणखी कितीतरी अम्मी, बहिणी आणि बायका असतील, असे वाटले. म्हणून हा लेख.

गप्प बसलेली घरे

घरातला माणूस तुरुंगात गेला की घरही बंद होते. बाप जुम्याला मागच्या सफमध्ये उभा राहू लागतो. बहिणीच्या स्थळाची बोलणी थांबतात. मुले शाळेत विचारलेल्या साध्या प्रश्नाला, "अब्बा काय करतात?" याला, खोटे उत्तर द्यायला शिकतात.

पण हा एखाद-दुसऱ्या घराचा प्रश्न नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती. जागा होती ४ लाख ३६ हजारांच्या आसपास. म्हणजे शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. त्यातले ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारपैकी तीन, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. देशाच्या लोकसंख्येत मुसलमानांचा जो वाटा आहे, त्यापेक्षा कच्च्या कैद्यांतला त्यांचा वाटा जास्त आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधील मुस्लिम बंद्यांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. कमी शिक्षण, हातावरचे पोट आणि चांगला वकील न मिळणे ही दुखणी अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसतात.

ही दुखणी लक्षात घेतली की एक गोष्ट उघड होते. अर्धवट शाळा आणि हातात हुन्नर नसणे घेऊन जो मुलगा आत गेला, तो तसाच बाहेर आला, तर त्याच्यासाठी काहीच बदललेले नसते. उलट कपाळावर एक शिक्का वाढलेला असतो. आतल्या वर्षांचे काय झाले, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

कैदी आणि शिक्षण: आपल्याकडची जुनी शिकवण

आपल्या दीनमध्ये कैदी हा टाकून दिलेला माणूस नाही. पवित्र कुरआनात अल्लाहच्या प्रेमापोटी गरजू, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. हजरत यूसुफ (अलै.) यांची कहाणी तर आपण मुलांना झोपताना सांगतो. निरपराध असून ते तुरुंगात गेले. तिथे त्यांनी सोबत्यांना शिकवले, त्यांच्या स्वप्नांचा अर्थ सांगितला. बाहेर आल्यावर त्यांच्या हाती मिसरच्या धान्यकोठारांचा कारभार आला. तुरुंगातून आलेल्या माणसावर एका राज्याने आपली अन्नाची चावी सोपवली, हा भाग आपण सांगतो खरा, पण त्यावर थांबून विचार करत नाही.

दुसरी गोष्ट बद्रच्या लढाईनंतरची. मक्केचे जे कैदी हाती आले, त्यांच्यापैकी अनेकांनी खंडणी भरून सुटका करून घेतली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी वेगळी अट ठेवली. मदीनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवा आणि मोकळे व्हा. पुढे कुरआनचे संकलन करणारे हजरत जैद बिन साबित (रजि.) हे त्या मुलांपैकीच एक होते, असे सीरतच्या ग्रंथांत सांगितले जाते. शिक्षण आणि सुटका यांची सांगड चौदाशे वर्षांपूर्वी अशी घातली गेली.

हनफी फिकहचे मोठे इमाम सरखसी यांना अकराव्या शतकात कैदेत टाकले गेले. एका खोल खड्ड्यातून ते बोलत राहिले आणि वर काठावर बसलेले शागीर्द लिहीत राहिले. त्यातून 'अल्-मब्सूत' हा तीस खंडांचा ग्रंथ उभा राहिला, असे सांगतात.

आळेफाट्यावरून निघणारे रस्ते

दूरचे राहू द्या. आपल्या आळेफाट्यावर उभे राहा. तिथून एक रस्ता नगरकडे जातो. तिथल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून मौलाना अबुल कलाम आझाद कैदेत होते. बाहेर पत्र पाठवण्याची सोय नव्हती, तरी पहाटे उठून ते आपल्या मित्राच्या नावे पत्रे लिहीत राहिले. त्या न टाकलेल्या पत्रांचे पुस्तक म्हणजे 'गुबार-ए-खातिर'. उर्दू गद्यातले ते एक मानाचे पुस्तक आहे.

दुसरा रस्ता नाशिकला जातो. तिथल्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले. त्याच नाशिकमध्ये आज यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

तिसरा रस्ता मंचर, खेडवरून पुण्याला, म्हणजे येरवड्याला जातो. १९२२ ते १९२४ या काळात महात्मा गांधी येरवडा तुरुंगात होते. तिथे त्यांनी उर्दूचा अभ्यास केला आणि मौलाना शिबली नोमानी यांनी लिहिलेले प्रेषितांचे (सल्ल.) चरित्र वाचले. पुढे सुटल्यावर आपल्या तुरुंगातल्या वाचनाविषयी त्यांनी सविस्तर लिहिले.

ही मोठी माणसे होती, राजकीय कैदी होती, हे खरे. बांगड्या विकणाऱ्या खालांच्या मुलाशी त्यांची तुलना नाही. पण भिंत तीच, वेळ तितकाच. फरक इतकाच की त्यांना काय वाचायचे ते माहीत होते आणि आपल्या मुलाला ते कोणीतरी सांगावे लागते.

आत राहून कोणते शिक्षण घेता येते?

तुरुंगातल्या माणसाला दूरशिक्षण सर्वांत सोयीचे. रोज वर्गात बसायचे नसते. छापील पुस्तके मिळतात, ती स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली असतात. अभ्यास कोठडीत किंवा बराकीत करायचा आणि परीक्षा ठरलेल्या केंद्रावर द्यायची.

ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यासाठी तुरुंगात साक्षरतेचे वर्ग असतात. तुरुंगातले शिक्षक असतात आणि शिकलेले बंदीही शिकवतात. एखाद्या चाचांना साठीत सही करता येऊ लागली, तरी ते शिक्षणच आहे. घरचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत नाही.

दहावी-बारावीसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथे विषय निवडायची मोकळीक जास्त असते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एका फेरीत सगळे विषय झाले नाहीत तर उरलेले पुढच्या फेरीत देता येतात. माध्यमांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. उर्दू शाळेतून सुटलेल्या मुलांच्या दृष्टीने हे फार उपयोगाचे आहे.

पदवीसाठी दोन मुक्त विद्यापीठे आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. राज्यातल्या मोठ्या तुरुंगांमध्ये या विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे चालतात. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा होतात आणि तुरुंगातल्या विद्यार्थ्यांना शुल्कात माफी दिली जाते. बी.ए., बी.कॉम. यांच्याबरोबर लहान मुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. ज्याला तीन वर्षे आत राहायचे नाही, त्याने सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून सुरुवात केलेली बरी.

आणि हेही लक्षात ठेवावे की ही काही 'तुरुंगातली पदवी' नसते. बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळते तीच पदवी, त्याच विद्यापीठाची.

शिक्षा झालेल्या बंद्याला आणखी एक फायदा आहे. दहावी, बारावी, पदवी असे शिक्षण आत राहून पूर्ण केले, तर महाराष्ट्रात शिक्षेत तीन महिन्यांपर्यंतची विशेष माफी मिळू शकते. एका आईसाठी तीन महिने म्हणजे काय, हे सांगायला नको. बद्रच्या त्या अटीची इथे आठवण होते.

कच्च्या कैद्याला ही माफी लागू होत नाही, कारण त्याला अजून शिक्षाच झालेली नसते. पण शिकण्याची इच्छा त्यानेही सांगावी. त्याच्यापुढच्या अडचणी वेगळ्या असतात. कोर्टाची तारीख आणि परीक्षेची तारीख एकाच दिवशी येऊ शकते. मध्येच जामीन होतो आणि अभ्यास सुटतो. म्हणून त्याच्या घरच्यांनी नोंदणी क्रमांक, पावत्या आणि पुस्तकांची यादी घरीही लिहून ठेवावी. जामिनावर आलेला मुलगा घरून परीक्षा देऊ शकतो. जामीन झाला म्हणून शिक्षण सोडणे, यासारखा तोटा नाही.

हाताला काम

शिक्षणाइतकेच महत्त्व कामाला आहे. मोठ्या मध्यवर्ती तुरुंगांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, चर्मकाम, लोहारकाम, धोबीकाम अशी खाती चालतात. येरवड्यात छापखानाही आहे, आणि तिथल्या गालिच्यांचे नाव तर इंग्रजांच्या काळापासून आहे. सश्रम शिक्षा झालेल्याला काम करावेच लागते. कच्च्या कैद्यावर तशी सक्ती नसते.

या कामाला मजुरी मिळते. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी तिची प्रतवारी असते. बाहेरच्या मानाने ती फार थोडी आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना त्यांच्या श्रमाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. त्याच निकालात मजुरीतला काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी बाजूला काढावा, असेही म्हटले. हे आपल्या मनाला पटणारे आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क बुडवून कोणाची तौबा पुरी होत नाही. शिकणे आणि कमावणे हा भरपाई करण्याचाही रस्ता आहे.

मजुरीच्या आधारावर कर्ज मिळण्याची एक सोय पुष्कळांना ठाऊक नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यापासून 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला त्याच्या कामाच्या उत्पन्नावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के. मुलांची फी, घरातले आजारपण, वकिलाचा खर्च अशा कारणांसाठी हे पैसे वापरता येतात. आत बसलेला बाप मुलीच्या शाळेसाठी काहीतरी करू शकतो, ही भावना त्याला सरळ ठेवायला फार मदत करते.

चांगली वर्तणूक असलेल्या शिक्षाबंद्यांना पुढे खुल्या कारागृहात पाठवले जाते. याची सुरुवात आपल्याच भागात झाली. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसवली. कैद्यांना कुलूप न लावता शेती करू द्यायची, बायका-मुलांसह राहू द्यायचे, असा तो प्रयोग होता. त्यामागची कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. सांगली जिल्ह्यात ही वसाहत आजही आहे.

सरकारने १९८० मध्ये तुरुंग सुधारणेसाठी एक मोठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला. नावावरून अनेकांचा गैरसमज होतो. ते काश्मिरी पंडित घराण्यातले, आणि उर्दूचे नामवंत शायर. कैद्याचे शिक्षण आणि कामाचे प्रशिक्षण हा तुरुंगाच्या कारभाराचा गाभा असावा, हा आग्रह त्या समितीच्या शिफारशींत आहे.

जुन्नर-आंबेगावला परतल्यावर

खरी परीक्षा सुटकेच्या दिवशी सुरू होते. मोठ्या कंपनीत, सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात. तिथे अडचण येते हे खोटे आश्वासन न देता सांगायला हवे. पण आपल्या दोन तालुक्यांत असा कागद न मागणारी कामे थोडी नाहीत.

विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी रिवाइंडिंगवाल्याकडे धावतो. तो चारित्र्याचा दाखला मागत नाही, मोटार संध्याकाळपर्यंत मिळेल का एवढेच विचारतो. कांद्याच्या चाळी बांधायला वेल्डर लागतात. ठिबक आणि शेडनेट बसवणारे लागतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या हंगामात गाड्या, क्रेट, हमाली, हिशेब, सगळ्याला माणसे लागतात. दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम, बेकरी, लग्नाचे जेवण, फर्निचर ही कामे तर आपल्या लोकांच्या हातातच आहेत. म्हणून आत असतानाच कोणते काम शिकायचे, हे गावातल्या गरजेकडे बघून ठरवावे. लोहारखात्यात काम शिकलेला मुलगा मंचरमध्ये वेल्डिंगच्या दुकानात उभा राहू शकतो. शिवणकाम शिकलेल्याला शाळांच्या गणवेशाचे काम मिळू शकते.

आपले जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. कागदी घराण्यातले मुस्लिम कारागीर हा कागद बनवत आणि दक्खनच्या कचेऱ्यांतली दप्तरे त्यावर लिहिली जात. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. हुन्नर हाच आपला जुना जमीनजुमला होता, याची ही आठवण. तो गेला तसा परतही आणता येतो.

सुटल्यावर शिकायचे असेल तर शासकीय आयटीआय आहे, नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, न्हावी, धोबी अशा १८ व्यवसायांसाठी प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजना आहेत.

घरच्यांनी काय करायचे?

पहिले काम, भेट चुकवू नका. जुन्नरहून येरवड्याला जाऊन येण्यात पूर्ण दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, हे खरे. दर वेळी जमत नसेल तर ई-मुलाखतीची सोय आहे, फोनवर समोरासमोर बोलता येते. नोंदणी करायला मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला सांगा.

दुसरे, भेटीत त्याला सांगा की अधीक्षकांच्या नावे शिक्षणासाठी अर्ज कर. तिथल्या शिक्षकांना भेट. अर्ज त्यानेच करायचा असतो. आपण बाहेरून कागद पुरवायचे.

तिसरे, कागद जमवा. शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या गुणपत्रिका, आधारकार्ड, फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती काढा. मूळ कागद देताना पोच घ्या. पुस्तके न्यायची असतील तर आधी परवानगी विचारा.

चौथे, वकील नसेल तर थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचे उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजना आहे. तिच्यातून कच्च्या कैद्याला आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्याला मदत मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने, गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले यांना ती लागू नाही. आपल्या वकिलाला याबद्दल जरूर विचारा.

पाचवे, मुलांशी खोटे बोलू नका. त्यांच्या वयाला समजेल एवढे सांगा. बापाला पत्र लिहायला लावा. शिकणारा बाप आणि शिकणारे मूल यांना बोलायला एक विषय मिळतो.

आणि जमातीने?

आपण जकात काढतो. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेले आणि बंधनातून सोडवायचे लोकही येतात. कोणत्या कामाला जकात चालेल आणि कोणत्या कामाला सदका, हे आपल्या आलिमांना विचारावे. पण वह्या-पुस्तके, परीक्षेची फी, शिलाई यंत्र, वेल्डिंगचा संच यांचा विचार मस्जिदीच्या बैठकीत एकदा तरी व्हावा. रमजानमध्ये सुटलेल्या एका माणसाला अवजारे घेऊन दिली, तर ती मदत वर्षानुवर्षे चालत राहते.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे सफमध्ये जागा देणे. जो शिक्षा भोगून आला त्याचा हिशेब कायद्याने पूर्ण केला. उरलेला हिशेब अल्लाहजवळ आहे. आपल्याकडे फक्त सलाम करणे आणि काम देणे उरते. दुकानदाराला भीती वाटणे साहजिक आहे. त्याने गल्ल्यावर बसवू नये, पण कामाला लावावे. विश्वास थोडा थोडा वाढत जातो.

खालांचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. मुलाने नववीतून शाळा सोडली तेव्हा दाखला नेलाच नव्हता. तो आणायला खाला शाळेत गेल्या. लिपिकाने नेहमीप्रमाणे विचारले, "दाखला कशासाठी हवाय?" खाला क्षणभर गप्प राहिल्या. वर्षभर ज्या शब्दाला त्या टाळत होत्या तो मग त्यांनी स्पष्ट उच्चारला. "माझा मुलगा तुरुंगात आहे. त्याला दहावीचा फॉर्म भरायचा आहे."

लिपिकाने त्यांना खुर्ची दिली, जुने रजिस्टर काढले आणि दाखला लिहून दिला.

"बेटी, मला वाटलं होतं जमीन फाटेल," खाला मला म्हणाल्या. "काहीच झालं नाही. त्यानं पाणी विचारलं."

मूळ दाखला आत गेला आहे. त्याची एक प्रत खालांनी घरी कपाटात, कुरआन शरीफच्या जुजदानाशेजारी जपून ठेवली आहे. मुलाने गणिताची जुनी पुस्तके मागितली आहेत. तुमच्या घरात नववी-दहावीची पुस्तके पडून असतील, तर या वेळी रद्दीत देऊ नका.